सल्ला हवा: पिसोलिथसच्या मायसेलियममधली साठवलेली साखर कशी मोजावी?

रानहळद (धागाकर्ती)

निलगिरीखालच्या फळकायांपासून वेगळं केलेलं पिसोलिथसचं (निलगिरीच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीचं) शुद्ध कल्चर एमएमएन या पोषक माध्यमावर छान वाढतंय. प्रकल्पाचा विषय आहे बुरशीतला कर्बोदकांचा साठा. मायसेलियम (बुरशीचे तंतू) गरम पाण्यात काढून डीएनएस ही साखरेची रंगचाचणी केली तर जवळपास ब्लँकइतकंच (नमुना नसलेल्या नळीइतकंच) रीडिंग येतं. अँथ्रोन या दुसऱ्या रंगचाचणीने मात्र भरपूर येतं. कुठलं खरं धरायचं? कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रीफ्यूज आणि वॉटर बाथ आहे, साखरा वेगळ्या करून मोजणारं एचपीएलसी यंत्र नाही. पुढे मायकोरायझा (मूळ आणि बुरशीची भागीदारी) असलेल्या मुळांवरही हेच करायचं आहे.

मुळाक्षर

दोन्ही रीडिंग बरोबर आहेत, फक्त दोन चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी बघतात. डीएनएसला क्षपणकारी (रासायनिक क्रिया करणारं टोक मोकळं असलेली) साखरच दिसते. या बुरशा साठा ठेवतात तो ट्रेहॅलोज, मॅनिटॉल, अरॅबिटॉल आणि ग्लायकोजेनच्या रूपात. ट्रेहॅलोजमध्ये दोन ग्लुकोज आपापल्या क्षपणकारी टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून ते डीएनएसला दिसत नाही. मॅनिटॉल आणि अरॅबिटॉल या शर्करा-अल्कोहोलांना ते टोकच नसतं. गरम तीव्र आम्लात ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन फुटतात, म्हणून अँथ्रोनला ते दिसतात. पण मॅनिटॉल अँथ्रोनलाही दिसत नाही! म्हणजे तुमचा अँथ्रोनचा आकडा एकीकडे कमी आणि दुसरीकडे (पेशीभित्तीतल्या ग्लुकॅन या साखरेच्या साखळ्यांमुळे) फुगलेला असू शकतो.

झाडाच्या बाजूने बघा. पानातून सुक्रोज मुळापर्यंत येतं. झाडाच्याच पेशीभित्तीतलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, आणि बुरशी त्यातलं ग्लुकोज आधी उचलते. लॅकेरिया बायकलर या मायकोरायझा बुरशीचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात इन्व्हर्टेजचं जनुक सापडलं नाही. (सगळ्यांना हे लागू नाही. काळ्या ट्रफल या बुरशीकडे एक आहे.) आत आलेलं ग्लुकोज लगेच ट्रेहॅलोज, पॉलिऑल (शर्करा-अल्कोहोल) किंवा ग्लायकोजेनमध्ये बदललं की आतली ग्लुकोजची पातळी खाली राहते आणि ओढ टिकते. लुईस आणि हार्ले यांनी १९६५ मध्ये बीचच्या मुळांना किरणोत्सारी कार्बनचं सुक्रोज दिलं, तेव्हा मुळावरच्या बुरशीच्या आवरणात ट्रेहॅलोज, मॅनिटॉल आणि ग्लायकोजेन सापडलं. झाडाला ट्रेहॅलोज आणि मॅनिटॉल सहज परत वापरता येत नाही. माल एकाच दिशेने जातो तो त्यामुळे, असा त्यांचा तर्क होता.

पिपेटवाला

मोजण्याच्या आधीचं काम जास्त बिघडतं, म्हणून तिथून सुरू करा.

माध्यमातून माल्ट एक्स्ट्रॅक्ट काढून टाका, त्यात माल्टोज आणि इतर साखरा असतात. ग्लुकोज लिटरला १० ग्रॅम, अमोनियम फॉस्फेट ०.२५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.१५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०५ ग्रॅम, मीठ ०.०२५ ग्रॅम, १ टक्का फेरिक क्लोराइड १.२ मिलि, थायमिन १०० मायक्रोग्रॅम, पीएच ५.५ च्या आसपास. माल्ट काढल्यावर वाढ मंदावेल, ते गृहीत धरा.

अगरचा तुकडा ब्रॉथमध्ये टाकून वाढवत असाल तर कापणीच्या वेळी तो काढून फेका. अगर गॅलॅक्टोजपासूनच बनलेलं असतं आणि अँथ्रोनला रंग देतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, थेट ग्लायकोजेनच्या भागात उतरतं. प्लेटवर वाढवायचं असेल तर वर निर्जंतुक सेलोफेन टाका, मायसेलियम सरळ सोलून निघतं.

कापताना: बुखनर फनेलवर गाळा, बर्फगार डिस्टिल्ड वॉटरने पटकन धुवा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उकळत्या अल्कोहोलमध्ये. पाण्यात भिजत ठेवलं तर पॉलिऑल बाहेर झिरपतात. ओव्हनमध्ये ६० अंशांना हळूहळू वाळवलं तर वाळेपर्यंत ट्रेहॅलेज (ट्रेहॅलोज फोडणारं एन्झाइम) आपलं काम करून मोकळं होतं, आणि मग नमुन्यात ग्लुकोज जास्त, ट्रेहॅलोज कमी दिसतं. गरम पाण्यातही तीच भीती: पाणी नुसतं कोमट असेल तर एन्झाइम मरत नाही, उलट जोरात चालतं.

अल्कोहोल ८० टक्के हवं ते मिश्रणात, बाटलीत नव्हे. ओल्या मायसेलियममध्ये सुमारे नव्वद टक्के पाणीच असतं. १ ग्रॅम ओल्या मालाला ९६ टक्क्यांचं ५ मिलि घाला, म्हणजे शेवटी ८० च्या आसपास येतं. ८० अंशांना २० मिनिटं, सेंट्रीफ्यूज, मग गाळावर ८० टक्क्यांचं घालून आणखी दोनदा. तिन्ही अर्क एकत्र करून वाळवा आणि पाण्यात घ्या. साखरा आणि पॉलिऑल यात आले. ग्लायकोजेन गाळात राहिलं.

तंतुवाद्य

एचपीएलसी नसेल तर ट्रेहॅलोजसाठी आम्ल-अल्कली पद्धत वापरा, कीटकांच्या रक्तद्रवावर ती फार वापरली जाते. ट्रेहॅलोज सौम्य आम्लालाही दाद देत नाही आणि उकळत्या अल्कलीलाही नाही, बाकीच्या साखरा कुठे ना कुठे मोडतात. यावरच सगळं चालतं.

१०० मायक्रोलिटर अर्कात तेवढंच ०.४ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड, उकळत्या वॉटर बाथमध्ये १० मिनिटं. सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. थंड करून १०० मायक्रोलिटर ६ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पुन्हा १० मिनिटं. आता सगळ्या क्षपणकारी साखरा नष्ट होतात. थंड करा, पाण्याने ०.५ मिलि करा, बर्फात ठेवूनच ०.२ टक्के अँथ्रोन (तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमधलं, त्याच दिवशी केलेलं) २ मिलि हळूहळू घाला. अल्कलीत तीव्र आम्ल पडतंय, घाई केली तर उसळून अंगावर येईल. गॉगल लावाच. १० मिनिटं उकळा, ६३० नॅनोमीटरला वाचा.

प्रत्येक बॅचला तीन नळ्या जास्तीच्या लावा: नुसतं ग्लुकोज, नुसतं सुक्रोज, नुसतं ट्रेहॅलोज, तिन्ही सारख्या प्रमाणात. पहिल्या दोन ब्लँकजवळ यायला हव्यात. नाही आल्या तर अल्कली जुनी झालेली आहे किंवा बाथ खरोखर उकळत नव्हता.

स्टँडर्डच्या बाटलीवर डायहायड्रेट लिहिलंय का ते वाचा. ट्रेहॅलोज बहुतेकदा डायहायड्रेट मिळतं, रेणुभार ३७८, पाण्याविना ३४२. १०० मिग्रॅ वजन केलं तर खरं ट्रेहॅलोज ९०.५ मिग्रॅ. हा फरक विसरला तर सगळे आकडे दहा टक्क्यांनी वर जातात आणि आलेख सुंदर सरळ येत असल्यामुळे कुणाला कळतही नाही.

पॉलिऑलसाठी पेरआयोडेट आणि नॅश अभिकर्मक (रंग देणारं मिश्रण), ४१२ नॅनोमीटर. उरलेलं पेरआयोडेट मारायला ०.१ टक्के एल-ऱ्हॅम्नोज. पण यात मॅनिटॉल, अरॅबिटॉल, ग्लिसरॉल सगळे एकत्र मोजले जातात, आणि पिसोलिथसमध्ये अरॅबिटॉल भरपूर असतं. अहवालात ‘मॅनिटॉल’ लिहू नका, ‘एकूण पॉलिऑल’ लिहा. वेगळं करायचंच असेल तर तेवढे नमुने बाहेर पाठवा, एचपीएलसीच्या कॅल्शियम स्तंभावर होतं. मात्र त्या स्तंभावर ट्रेहॅलोज आणि सुक्रोज फार जवळ येतात, मुळांच्या नमुन्यात गोंधळ होईल.

रानहळद

खूप आभार! ग्लायकोजेनचं काय? आणि सुक्रोजवर बुरशी वाढते का तेही बघायचं होतं. एका प्लेटवर तर वाढली.

मुळाक्षर

सुक्रोज ऑटोक्लेव्ह केलं होतं का? आम्लधर्मी माध्यमात ऑटोक्लेव्हमध्येच त्याचा काही भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतो आणि बुरशी त्यावर वाढते. सुक्रोज वेगळं ०.२२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळून थंड माध्यमात घाला, आणि बुरशी न टाकलेलं माध्यम शेवटी डीएनएसने तपासा. तुमचं डीएनएस इथे खरं उपयोगी. ब्रॉथमधलं ग्लुकोज कधी संपतंय तेही त्यानेच बघा आणि नमुने संपण्याआधी, संपताना, नंतर असे घ्या. एकाच वयाचा नमुना साठ्याबद्दल काही सांगत नाही. नायट्रोजन आधी संपला तर ग्लायकोजेन साचतं, ग्लुकोज आधी संपलं तर साठा खर्ची पडतो.

ग्लायकोजेन: गाळ ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर उकळा, गाळून दोन पट अल्कोहोल, रात्रभर थंडीत. खाली बसलेलं अल्कोहोलने धुऊन पाण्यात घ्या, पीएच ४.८ ॲसिटेट बफरमध्ये अमायलोग्लुकोसिडेज (ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज करणारं एन्झाइम), ५५ अंश, दोन तास, मग ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजने मोजा. आलेलं ग्लुकोज गुणिले ०.९. इथे अँथ्रोन नको, पेशीभित्तीतली अल्कलीत विरघळणारी ग्लुकॅनंही ग्लायकोजेन म्हणून मोजली जातात. एन्झाइमचा स्वतःचा ब्लँक लावा.

मुळांवर मात्र हे चालणार नाही. अमायलोग्लुकोसिडेजला झाडाचं स्टार्च आणि बुरशीचं ग्लायकोजेन सारखंच. एक तर स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली आवरण सोलून वेगळं घ्या (बीचच्या मायकोरायझात त्याचं वजन ४० टक्क्यांच्या आसपास असतं, निलगिरीत ते पातळ, सोलणं त्रासाचं), नाहीतर मुळांत फक्त ट्रेहॅलोज आणि पॉलिऑल मोजा. सोबत बुरशी नसलेली मुळं, आणि आकडे एर्गोस्टेरॉलवर (बुरशी किती आहे ते दाखवणाऱ्या पदार्थावर) भागा. नुसत्या कोरड्या वजनावर भागलं तर बुरशी वाढली की साठा वाढला हे कळत नाही.

आमराई

अवांतर प्रश्न. आंब्याच्या कलमांना मायकोरायझाची पुडी देऊन वर गुळाचं पाणी घालतात, त्याने बुरशी पोसते का?

तंतुवाद्य

नाही. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज, तो मातीतले जिवाणू आणि सडणाऱ्या पदार्थांवरच्या बुरशा फस्त करतात. आंबा, साग, कडुनिंब यांच्या मुळांत अर्बस्क्युलर बुरशी असते, ती पिसोलिथसपेक्षा अगदी वेगळी. ती मुळाशिवाय वाढत नाही आणि साठा मुख्यतः तेलाच्या थेंबांत ठेवते. त्यासाठी लागणारी मेदाम्लं ती स्वतः बनवत नाही, झाडच पुरवतं. पुडी मुळाला टेकेल अशी खड्ड्यात द्या आणि सुपर फॉस्फेटचा मारा कमी करा, फॉस्फरस भरपूर असेल तर झाड या बुरशीला फारसं जवळ करत नाही.

पश्चिम घाटातल्या व्हॅटेरिया आणि होपिया या झाडांच्या मुळांवर मात्र पिसोलिथससारखी बाह्य मायकोरायझा (मुळाबाहेर आवरण करणारी) असते. रानहळद, स्थानिक झाडांचे नमुने हवे असतील तर तिथले घ्या, सागाची मुळं सोलून काही हाती लागणार नाही.