कॉम्प्युटर चालू होतो, दोन सेकंदात बंद, परत आपोआप चालू... मदरबोर्ड गेला का?

रातांबा
मंडळी जरा मदत हवी होती. आमच्या घरी (गुहागर, समुद्र फारतर पाचशे पावलांवर) जुना डेस्कटॉप आहे, एच८१ चिपसेटचा बोर्ड, चौथ्या जनरेशनचा आय३, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही. होमस्टेचं बुकिंग, बिलं सगळं त्याच्यावरच. मे महिन्याच्या शेवटी पाहुणे संपले तसा बंद करून वर जुनी चादर टाकून ठेवला आणि आता गणपतीच्या बुकिंगसाठी लावायला गेलो तर बटण दाबलं की पंखा फिरतो, दोन सेकंदात थांबतो, मग आपोआप परत फिरतो, परत थांबतो, मेन स्विच बंद करेपर्यंत हेच. स्क्रीनवर काही नाही, बीपही नाही. रॅम काढून परत बसवली, फरक शून्य. एका दुकानदाराला फोन केला तर मशीन न बघताच म्हणाला बोर्ड गेला, नवीन टाका. आता ह्या प्रोसेसरला नवा बोर्ड आणायचा कुठून, म्हणजे प्रोसेसर पण नवा, रॅम पण नवी, झालं की नवीन मशीनच.

सड्यावरचा
नुसती काढून बसवून भागत नाही. दोन्ही काढा, एकच लावा, ती प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवून बघा, मग दुसरी. खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर येतो, खोडरबरने हलक्या हाताने पुसा. माझं मशीन दर पावसाळ्यात एकदा हे नाटक करतं.

जुना_कारागीर
खोडरबर अगदीच नाइलाज असेल तर. तो सोन्याचा थर फार पातळ असतो, दरवर्षी घासलात तर खालचं निकेल उघडं पडेल आणि मग गंज जास्तच. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, ९९ टक्केवालं, सुती कापडाला लावून पुसा. आणि बीप येत नाही म्हणताय, पण बोर्डावर तो छोटा स्पीकर लावलेला आहे का? बऱ्याच कॅबिनेटमध्ये नसतोच, मग बोर्ड बिचारा बोंबलणार कशाने. दुकानात मागून घ्या, चार पिनांच्या जागी बसतो. रॅम पूर्ण काढून चालू केल्यावर बीप आले तर समजायचं प्रोसेसर आणि बोर्ड निदान शुद्धीवर आहेत.

घाटावरून_आलेला
सेल बघा सेल! बोर्डावरचा गोल, सीआर२०३२. तीन महिने प्लग काढलेला म्हणजे तो बसलाच असणार.

जुना_कारागीर
सेल बदला जरूर, पण बहुतेक बोर्ड मेलेल्या सेलवरही चालू होतात, फक्त तारीख-वेळ आणि सेटिंग विसरतात. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, अडीचच्या खाली असेल तर फेका. बदलताना प्लग काढून सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा म्हणजे बायॉस सेटिंगही (बोर्ड सुरू होताना वाचतो ती) पुसली जाईल. त्यानंतर पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड स्वतःहून एकदोनदा बंद-चालू झाला तर घाबरू नका, तेवढं चालतं. तुमच्यासारखं अखंड चालत नाही.

रातांबा
शेजारच्या वायरमन काकांचा मल्टीमीटर आणला. सेल १.९ दाखवतोय, बदलला, सेटिंग पुसली, रॅम अल्कोहोलने पुसल्या. तसंच. स्पीकर लावला, दोन्ही रॅम काढल्या, बीप नाही, तोच दोन सेकंदांचा खेळ. अजून एक, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, त्याचा संबंध आहे का?

सड्यावरचा
झिणझिण्या म्हणजे घराचं अर्थिंग नीट नाही. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, टेस्टर लावलात तर पेटेल. करंट अगदी थोडा असतो पण त्या काकांनाच अर्थिंगचा खड्डा बघायला सांगा. आणि तुम्ही आत हात घालाल तेव्हा प्लग काढूनच, नुसता स्विच बंद करून नाही.

गजाली_मारतंय
माझ्याकडे पण असाच झालेला. उघडून बघतंय तर एसएमपीएसात पाल मरान पडलेली. तुमी आधी कॅबिनेट उघडून डोळ्यांनी नीट बघा, मगे मल्टीमीटर घेवा. तो एसएमपीएस मातर उघडू नका हां, मिया उघडलंय आणि असो झटको बसलो की आवशीन घातलेली सगळी नावा आठवली.

जुना_कारागीर
हसू नका, खरं आहे. २३० व्होल्ट डीसी केल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास साठतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

रातांबा, आता असं करा. बोर्डाला दोन ठिकाणी वीज जाते, एक २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि दुसरा प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा, पिवळ्या-काळ्या वायरींचा. तो चार पिनांचा काढून चालू करा. स्क्रीनवर काही येणार नाही, येऊही नये, पण पंखा थांबतो की फिरत राहतो तेवढं बघा. फिरत राहिला तर बिघाड प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागात, किंवा एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन तिथे लोड आला की बसतेय. पिवळी वायर ११.४ ते १२.६ मध्ये हवी. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस नुसता फिरवून बघतात लोक, त्याने तो जिवंत आहे एवढंच कळतं, लोड झेपतो की नाही ते नाही. कोणाचा तरी चालू एसएमपीएस तासभर मागून आणणं उत्तम.

रातांबा
चार पिनांचा काढल्यावर पंखा फिरत राहिला!! लावला की परत दोन सेकंद. भाच्याच्या मशीनचा एसएमपीएस लावून बघितला, तसंच. म्हणजे बोर्डच ना?

जुना_कारागीर
बोर्डाकडे बोट जातंय खरं, पण बोर्ड मेला असं अजून म्हणत नाही. बाहेर काढा. पुठ्ठ्यावर ठेवा, फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या की चालू होतो. आणि काढल्यावर उलटा करून मागची बाजू बघा, ती कोणी बघतच नाही.

रातांबा
काय सांगू. बोर्ड उचलला तर मागे मुंग्यांचं गाव. बोर्ड आणि पत्रा यांच्यात बोटभर पण जागा नसते, तेवढ्यात माती आणून ठेवलेली, पांढरी अंडी, आणि बरोब्बर प्रोसेसरच्या मागच्या बाजूला सगळ्यात जास्त, ओली दमट. दोन-तीन सोल्डरच्या ठिपक्यांवर हिरवट थर. मागे एका कार्डाच्या खाचेवर पट्टी नव्हती, तिथून आलेल्या दिसतात. आईने बघितलं आणि म्हणाली गूळ ठेवायच्या फळीखाली कॉम्प्युटर कोणी ठेवायला सांगितला होता.

सड्यावरचा
आईंना नमस्कार सांगा 😄 तांदळात ठेवू नका कोणी कितीही सांगितलं तरी, पीठ जाऊन बसतं. गंजावर मारायचा तेलकट स्प्रेही नको.

जुना_कारागीर
सापडला चोर. ओली माती आणि त्यात खारी हवा म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये वीज जायला वाटच, आणि कुठे शॉर्ट दिसला की बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो. सेल काढून ठेवा, प्रोसेसरला हात लावू नका, सॉकेटच्या पिना वाकल्या तर खरंच बोर्ड गेला. कोरड्या मऊ ब्रशने माती झाडा, मग अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, हिरवं जाईपर्यंत. रात्रभर टेबलफॅनसमोर.

रातांबा
चालू झाला!!! पुठ्ठ्यावरच. आधी एकदा स्वतःहून बंद होऊन परत लागला (सांगितलं नसतंत तर मी प्लग ओढला असता), मग स्क्रीनवर तारीख चुकीची असल्याचा मेसेज, एफ१ दाबलं, विंडोज आलं. आता कॅबिनेटमध्ये बसवलाय. मागची माइकची खाच मात्र गेली, आत सगळं हिरवं होतं, ती कोणाला हवीय. सगळ्यात आधी बुकिंगची वही, म्हणजे एक्सेल, पेनड्राइव्हवर घेतली. मुंग्या परत येऊ नयेत म्हणून आत खडू ओढू का?

सड्यावरचा
आत काही नको, ती पावडर पंखा सगळीकडे उडवेल. टेबलाच्या पायांभोवती ओढा, आणि ती उघडी खाच पत्र्याच्या पट्टीने बंद करा. पावसाळ्यात वापर नसला तरी एक दिवसाआड अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा जातो. चादर काढा, तिच्याखाली ओल कोंडते. विजा चमकायला लागल्या की मात्र प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढायची.

गजाली_मारतंय
आणि गूळ हलवा.