लाइट जात असेल तर लॅपटॉपच
दादा, दहा वर्षांचा डेस्कटॉप काढून लॅपटॉप घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडं परभणीत चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा असाच जुना डेस्कटॉप आहे. चालू करून चहा ठेवला तर चहा उकळायचा, पण मशीन हलायचं नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क बसवली, रॅम (चालू कामाची मेमरी) ८ जीबी केली, तेव्हापासून पळतंय. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अन् विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली.

पण लाइटीचं काय? यूपीएस दहा मिनिटांत मान टाकतो; लेकीचा प्रवेशाचा फॉर्म दोनदा अर्धवट राहिला, रडकुंडीला आली पोरगी. तुमच्याकडंही तसंच असेल तर लॅपटॉपच घ्या. फक्त रॅम वाढवता येते का ते आधी विचारा, बऱ्याच पातळ लॅपटॉपात ती आतल्या मुख्य बोर्डावरच सोल्डर करून पक्की बसवलेली असते.