घिसीपिटी गाणी आणि कारुसो

नव्या ऑपेरा गायकाने पहिल्याच अल्बममध्ये त्याच त्या घासून गुळगुळीत झालेल्या आरिया (ऑपेरातली एकट्याने गायची गाणी) कशाला घ्यायच्या, हा आक्षेप मला पटतो, पण 'पूर्वीपासून असंच चालत आलंय' हे त्यावर दिलं जाणारं उत्तर पटत नाही. प्रसिद्ध इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोचंच बघा. एप्रिल 1902 मध्ये मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत, नुसत्या पियानोच्या साथीवर त्याने दहा गाणी मुद्रित केली, मानधन 100 पौंड. वय 29. त्यात व्हेर्दी आणि दोनिझेत्ती हे जुने संगीतकार होतेच, पण 'टोस्का' तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा ऑपेरा होता आणि फ्रांकेत्तीचा 'जर्मानिया' तर महिन्याभरापूर्वीच मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाच्या रंगमंचावर आलेला! या 'जर्मानिया'तले दोन तुकडे त्याने घेतले. म्हणजे ती यादी त्या काळी चांगलीच ताजी होती. 'जर्मानिया' आज कोणाला आठवत नाही, ते सोडा.

अशा घासलेल्या आरियांपैकीच एक म्हणजे पुच्चिनीच्या 'तुरान्दो' ऑपेरातली 'नेस्सुन दोर्मा'. तिचा शेवट दणदणीत वाटतो असं म्हणतात, त्याबद्दल थोडं. तो दणदणीत शेवट मैफिलींसाठी आणि रेकॉर्डिंगसाठी जोडलेला आहे. मूळ ऑपेरात ही आरिया थांबतच नाही, संगीत तसंच पुढच्या प्रसंगात शिरतं, टाळ्यांना जागाच नाही. आणि शेवटच्या 'विन्चेरो' ('मी जिंकेन') या शब्दातला तो वरचा स्वर पुच्चिनीने अगदी आखूड लिहिलाय. ताणून धरायची सवय गायकांची. नवा गायक तो किती वेळ धरतो यावरून त्याची तयारी नाही, फार तर हौस कळते. मी तर आधी या आरियाची सुरुवात ऐकतो, हळू आवाजातली.