एसएसडीवरील फायली बिघडत आहेत : तपासणी कोठून सुरू करावी?

प्रश्न :
नमस्कार. आमच्या वाचनालयातील जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने मी साटा एसएसडीवर (साटा केबलने जोडलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर) साठवत आहे. अलीकडे काही जेपेग चित्रांचा वरचा अर्धा भाग नीट दिसतो आणि खाली नुसता करडा पट्टा उरतो. झिप फाइल उघडताना मध्येच सीआरसीची (माहिती जशीच्या तशी आहे का हे पडताळणाऱ्या तपासणीची) त्रुटी येते, पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तीच फाइल कधी कधी सुरळीत उघडते. ड्राइव्हची प्रकृती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम ड्राइव्ह ठीक असल्याचे दाखवतो. चेकडिस्क ही विंडोजमधील डिस्क तपासणी चालवावी की सरळ नवा ड्राइव्ह घ्यावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1 :
चेकडिस्क तूर्त चालवू नये. ती फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे या नोंदींची, रचना दुरुस्त करते, बिघडलेल्या चित्रातील माहिती परत आणत नाही, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने त्याच ड्राइव्हवर लिहिते. आधी ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून सर्व फायलींची प्रत काढावी. दुसराच संगणक हवा, कारण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीवर, जातो. एसएसडीत माहितीसोबत त्रुटी सुधारण्याचे संकेतही साठवलेले असतात, त्यामुळे माहिती साठवणाऱ्या पेशी कमकुवत झाल्या तरी ड्राइव्हमधील नियंत्रक चिप (कंट्रोलर) एकतर चूक सुधारतो किंवा वाचता येत नसल्याचे कळवतो. गुपचूप चुकीची माहिती देण्याचे प्रकार फर्मवेअरच्या (ड्राइव्हमधील अंगभूत प्रोग्रामच्या) दोषामुळे घडतात, पण ते विरळ. एकच फाइल कधी बिघडलेली आणि कधी चांगली दिसत असेल, तर ड्राइव्हवरची माहिती बहुधा शाबूत असून ती वाटेत बिघडते आहे.

खात्रीसाठी एका मोठ्या फाइलचा एसएचए-256 चेकसम (फाइलमधील माहितीवरून काढलेला, तिच्या ठशासारखा संकेत) काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि चेकसम परत काढावा. मध्ये संगणक बंद केला नाही, तर विंडोज तीच फाइल रॅममधील कॅशेतून (तात्पुरत्या साठ्यातून) देते आणि तुलना निरर्थक ठरते. चेकसम बदलला, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही त्रुटी दिसली तरी बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवण्याची सोय, बंद करून पुन्हा तपासावे, आणि त्रुटी कायम राहिल्यास रॅमची एकेक पट्टी स्वतंत्रपणे लावून पाहावी.

प्रतिसाद 2 :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. केबलही पाहावी : स्मार्टच्या नोंदींमध्ये (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवतो त्या, क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसणाऱ्या) सी7 या क्रमांकापुढे केबलमधून माहिती जाताना झालेल्या सीआरसी त्रुटींचा आकडा असतो. तो जुना असू शकतो, म्हणून आजचा आकडा टिपून ठेवावा आणि तो वाढत असेल तरच केबल बदलावी. ड्राइव्हच्या बाजूने 05 या क्रमांकापुढचा आकडा, म्हणजे खराब झाल्याने बदली केलेल्या सेक्टरांची (साठवणीच्या भागांची) संख्या, वाढतो का हेही पाहावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. चेकसम प्रत्येक वेळी वेगळा येतो आहे आणि मेमटेस्टमध्ये त्रुटींच्या लाल ओळी दिसू लागल्या आहेत. एक्सएमपी बंद केल्यावरही त्या येतातच. रॅम बदलल्यावर जुन्या फायलींवर विश्वास ठेवावा का?

प्रतिसाद 1 :
सरसकट ठेवू नये. त्या काळात लिहिलेल्या फायली रॅममध्येच बिघडून ड्राइव्हवर गेलेल्या असू शकतात, आणि एसएसडीने ती चुकीची माहिती इमानेइतबारे जपलेली असेल. झिप फायली सेव्हन-झिप या प्रोग्राममधील चाचणीने तपासता येतील. चित्रे मात्र डोळ्यांखालून घालावी लागतील, आणि मूळ अंक हाताशी आहेत तोवर संशयास्पद पाने पुन्हा स्कॅन करून घ्यावीत.