एक्स्टेंशन कॅबिनेटला ‘जोडपेटी’ म्हणावं का? आणि मॅचिंगला काय?

गोदाकाठ (परभणी)
भाच्याच्या भीमगीत पार्टीनं बेस गिटारसाठी जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर, म्हणजे अँप, घेतलाय. साउंड सांभाळणाऱ्या पोरांसाठी त्याची माहितीपुस्तिका मी मराठीत उतरवतोय. एका सूचनेशी अडलो. आशय असा की एक्स्टेंशन कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा जादा बॉक्स, लावल्यावर सगळ्या कॅबिनेटांचा मिळून जो इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) होतो, त्याला मॅच होईल असं मागचं ओहमचं बटण ठेवा. मी लिहिलं, ‘जोडपेट्यांचा संरोध जुळवून घ्या.’ एका पोरानं वाचून विचारलं, "म्हणजे दोन्ही पेट्या चार ओहमच्या घ्यायच्या आणि बटण चारवर ठेवायचं, बरोबर ना मामा?" बरोबर नाही. चारच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की दोन ओहम होतात, बटण दोनवर लागतं. ‘जुळवणे’ला दुसरा शब्द सांगा, त्यात असा घोळ होऊ नये.

टाळकरी
आधी ‘पेटी’ काढा. आमच्या भजनी मंडळात पेटी म्हणजे हार्मोनियम. ‘स्टेजवर दोन पेट्या लावा’ असं छापलं तर कुणीही दोन पेटीवाले बोलावील. बॉक्स म्हणा, सगळ्यांना कळतं.

शब्दवेल्हाळ
बॉक्स कशासाठी? ‘जोड’ हा आपला फार गुणी शब्द आहे. जोडधंदा, जोडरस्ता: मुख्य एक असतो आणि त्याच्या आधाराने दुसरा. एक्स्टेंशनचा अर्थ नेमका हाच. पोराचा गैरसमज मात्र ‘जुळवणे’मुळे झाला, आणि त्याला कारण आहे. जुळे, जुळवणे यांचं मूळ ‘युगल’. शब्दातच दोन सारख्यांची जोडी बसलेली आहे.

कयाधूकाठ
व्युत्पत्ती मान्य, पण वापर बघा ना ताई. ‘हिशेब जुळला’ म्हणतो तेव्हा दोन सारखे हिशेब नसतात, बेरीज पलीकडच्या आकड्याशी मिळते. इथं तेच हवंय. ‘सगळ्या बॉक्सचा हिशेब बटणाशी जुळवा.’

गोदाकाठ (परभणी)
हिशेब म्हटलं की पोरं चार आणि चार आठ करतील, बटण आठवर जाईल. ते तर आणखी चुकलं.

मंडपसाउंड (नांदेड)
भाऊ, तुम्ही शब्दावर भांडायलेत, पण आमच्या धंद्यात मॅचिंग म्हणजे वेगळंच काम असतंय, ते कुणीच सांगंना. जत्रेत भोंगे लावतो तेव्हा ते अहुजा कंपनीच्या मशीनला, म्हणजे अँपला, शंभर व्होल्टच्या लाइनवर जोडतो. प्रत्येक भोंग्याला एलएमटी, म्हणजे लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. तिथं ओहम कुणी मोजत नाही, वॅट मोजतात. वीस-वीसचे पाच भोंगे शंभर वॅट झाले, मशीन तेवढं पाहिजे. पोरांच्या डोक्यात बेरीज बसलीय ती तिथून.
व्हॉल्व्हच्या अँपमध्ये मॅचिंग आतच असतंय, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॉल्व्हच्या प्लेटला (जिथून आवाजाचा करंट बाहेर निघतो) समोर हजारांत ओहम लागतात, स्पीकर असतोय आठचा. समजा चार हजार पाहिजेत आणि स्पीकर आठचा, तर गुणोत्तर पाचशे, ट्रान्सफॉर्मरच्या तारेच्या वेढ्यांचं गुणोत्तर त्याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण बावीस. बटण फिरवलं की वेढे बदलतात. बटण चारवर आणि स्पीकर दोनचे असले तर व्हॉल्व्हला समोर निम्मेच ओहम दिसतात, करंट वाढतोय, व्हॉल्व्ह लवकर जातात. आणि स्पीकर न लावता जोरात वाजवलं तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढून इन्सुलेशन फुटतंय. ट्रान्झिस्टरच्या मशीनला असं उघडं ठेवलेलं चालतंय, याला चालत नाही. शब्द कोणताही घ्या, ही ओळ पुस्तिकेत ठळक टाका.
एक चारचा आणि एक आठचा बॉक्स समांतर लावू नका. 2.67 ओहम होतात, बटणावर तसा आकडाच नसतोय, आणि चारवाल्याकडं आठवाल्याच्या दुप्पट पॉवर जाते.

औट्रम घाट
‘लोड’चं (अँपवर पडणाऱ्या ओझ्याचं) मराठी करताना याहून मोठी अडचण आहे. मी आयटीआयला शिकवतो. ‘भार वाढला’ म्हटलं की मुलं ओहम वाढले समजतात. खरं उलटं: दोन ओहम म्हणजे जास्त भार, सोळा म्हणजे कमी. पुस्तिकेत ‘भार’ आणि ‘रोध’ एका वाक्यात आणू नका. आणि मुलांना सांगा, मीटर लावला तर आठच्या स्पीकरवर सहाच्या आसपास दिसेल, कारण तो फक्त तारेचा रोध आहे. संरोध वारंवारतेबरोबर (फ्रिक्वेन्सीबरोबर) बदलतो.

शब्दवेल्हाळ
सर, ‘संरोध’ वापरलात याचा आनंद झाला. रोध, रोधक, संरोध असं कुटुंबच तयार आहे. ‘इम्पीडन्स’ म्हणत राहिलो तर हे शब्द कोशातच राहतील.

मंडपसाउंड (नांदेड)
ताई, दुकानात जाऊन ‘आठ संरोधाचा स्पीकर द्या’ म्हणून बघा. ओहम म्हणा, मिळतोय.

टाळकरी
आणि बेस का बास? मी खर्ज म्हणतो. षड्जाचा खरज, खरजाचा खर्ज.

कयाधूकाठ
खर्ज हा स्वर आहे, बेस गिटार सातही स्वर वाजवतं. म्हणायचंच तर मंद्र म्हणा, निदान सप्तक तरी बरोबर येईल.

टाळकरी
‘खर्जातला आवाज’ म्हणतो तेव्हा माणूस फक्त सा लावतो का? बोलीत खर्जाचा अर्थ केव्हाच रुंदावलाय.

औट्रम घाट
अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेसचा व्हॉल्व्ह अँप 1969 साली आला, 300 वॅटचा. दहा इंची आठ-आठ स्पीकरचे दोन बॉक्स त्याला लागायचे, कारण एका बॉक्सला तेवढी पॉवर झेपत नव्हती. तिथं ‘जोडपेटी’ बसत नाही. दुसरा बॉक्स आधाराचा नव्हता, पहिल्याइतकाच मुख्य. उलट फेंडर कंपनीच्या जुन्या हेडांवर (स्पीकर नसलेल्या सुट्या अँपवर) दोन जॅक असतात, मेन आणि एक्स्टेंशन. मेन रिकामा ठेवला तर तो आउटपुट शॉर्ट करतो, म्हणून एकटा बॉक्स एक्स्टेंशनला लावून आवाज येत नाही. तिथं शब्द शोभतो.

गोदाकाठ (परभणी)
सर, आमच्या अँपलाही दोन जॅक आहेत, पण कोणता मेन ते पुसलं गेलंय. सध्या ओळ अशी केलीय: ‘चारचा एक बॉक्स, बटण चारवर. चारचे दोन, बटण दोनवर. बॉक्स लावल्याशिवाय वाजवू नका.’ मॅच हा शब्दच काढला. ताईंना चालेल का?

शब्दवेल्हाळ
सूचना चांगली झाली, पण हे भाषांतर नाही, शब्द टाळणं आहे. उद्या सोळाचा बॉक्स आला तर पोरांना काय सांगणार? ‘जुळवणे’ ठेवा आणि कशाशी ते प्रत्येक वेळी लिहा.

मंडपसाउंड (नांदेड)
जॅकांचा फोटो टाका भाऊ. आणि दोन्ही बॉक्सची प्लस-मायनस एकसारखी आहे का बघा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा, दोन्ही स्पीकरचे कोन (कागदी पडदे) एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक आत गेला तर तुमचा खर्ज म्हणा का बेस म्हणा, समोर ऐकू येणार नाही.

टाळकरी
बेस नाही, बास.