गोंडाइटमधल्या गार्नेटला गोमेद म्हणायचं का?

फलकवाला: मनसरच्या मँगेनीज पट्ट्यातल्या खडकांवर नागपूरच्या शाळांसाठी फलक लिहितोय. ‘गोंडाइट हा गार्नेट आणि क्वार्ट्झचा रूपांतरित खडक’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी गार्नेटचं ‘गोमेद’, क्वार्ट्झचं ‘गारगोटी’, रूपांतरितचं ‘कायांतरित’ केलं, वर ‘वितळून तयार झालेला’ हेही घातलं. काय ठेवू?

इतवारीकर: गोमेद ठेवा. सराफ्यात रोज ऐकतो. आपला शब्द असताना गार्नेट काहून?

खाणीतला: सराफ्यातला गोमेद गार्नेटच्याच कुळातला, पण कॅल्शियमवाला. गोंडाइटमधलं गार्नेट म्हणजे स्पेसार्टाइन, ते मँगेनीजवालं. ढेकूळ बाहेरून काळंकुट्ट, टवका उडवला की आत नारिंगी-तपकिरी बारीक दाणे. अंगठीत कोण बसवणार ते?

आणि ‘वितळून’ आधी खोडा. वितळून थिजला तर तो अग्निजन्य. इथे मँगेनीज, चिकणमाती आणि वाळूचा गाळ खोल गाडला गेला, उष्णता-दाब वाढला आणि दगड घनच असताना जुन्या खनिजांची नवी झाली. चिकणमातीतलं ॲल्युमिनियम मिळालं तिथे गार्नेट. वाळूतली नुसती सिलिका मिळाली तिथे ऱ्होडोनाइट हे मँगेनीजचं गुलाबी खनिजसुद्धा होतं.

शब्दनिष्ठ: ‘कायांतरित’ हिंदी पुस्तकातलं. आपल्या भूगोलात रूपांतरितच. नागपुरात हिंदी कुठून शिरेल, सांगता येत नाही.

धंतोलीची: काया, अंतर दोन्ही संस्कृत. हिंदीनं विकत घेतलेत का? मला तर दोन्ही शब्द हवेत. चुनखडकाचा संगमरवर होतो तेव्हा त्यातलं खनिज, कॅल्साइट, कॅल्साइटच राहतं, स्फटिक तेवढे मोठे होतात. ते रूपांतर. गोंडाइटमध्ये खनिजंच नवी, म्हणून कायांतर.

शब्दनिष्ठ: म्हणजे मेटामॉर्फिकला दोन शब्द? परीक्षेत पोरं काय लिहितील?

खाणीतला: फरक खरा आहे हो. पण संगमरवरही त्याच वर्गात बसतो, त्याला बाहेर कसं काढणार?

वरोऱ्याचा: गारगोटीचं राहूनच गेलं. आमची आजी गारगोटीवर लोखंड घासून ठिणगी पाडायची. हातात मावते ती गारगोटी. खडकातल्या दाण्याला कोणी गारगोटी म्हणत नाही. तशी आभाळातून पडते तीही गारच, दोन्ही पांढऱ्या न् कडक, एकच शब्द असणार.

शब्दनिष्ठ: पुरावा?

वरोऱ्याचा: मे महिन्यात डोक्यावर पडली की मिळते.

इतवारीकर: मग गोंडाइटच काहून ठेवता? त्याचंही मराठी करा. गोंडखडक!

धंतोलीची: भूवैज्ञानिक फर्मरच्या १९०९ च्या मँगेनीजवरच्या ग्रंथात हे नाव आहे, गोंड लोकांवरून. जगभर याच नावानं ओळखतात. एक नाव आपल्या मातीतून बाहेर गेलं, तेही बदलायचं?

इतवारीकर: बदला नाही म्हणत, शेपूट कापा म्हणतो. ‘-आइट’ कशाला? सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट आपण काळा पत्थरच म्हणतो नं.

शब्दनिष्ठ: पत्थर हिंदी. काळवत्री म्हणा.

वरोऱ्याचा: काळवत्री पुण्याकडे. इकडं काळा दगड.