पाच जणींची वाकळ: साड्या किती, टाके कसे आणि आधी कुणाची?

औसारोड:
लातुरात एकाच गल्लीतल्या आम्ही पाच जणी, सगळ्या नोकरीतून मोकळ्या झालेल्या. ओळख फिरायला जाताना झालेली, तशी नवीच. भिशी नको, भजनात दोघींचा जीव रमत नाही. हातानं वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, शिवायचं ठरतंय. एका वाकळेला सुती साड्या किती लागतील? आत सिंथेटिक चालेल का? दोघींना खाली बसता येत नाही. आणि पाच जणींनी शिवायची तर पहिली कुणाची?

जुनेरं:
सहावारी साडी ब्लाउजपीस सोडून साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. पन्हा 45 इंच. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे पडतात. दोन तुकडे लांबीच्या बाजूनं जोडले की सहा बाय साडेसात फुटांचा एक थर. चार थरांना आठ तुकडे, म्हणजे तीन साड्या. उरलेला नववा तुकडा ठिगळांना ठेवा. जाड हवी असेल तर सहा थर, चार साड्या. त्यापुढं जाऊ नका. सुई अंगठ्यानं रेटावी लागते, मग दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

कापायच्या आधी फॉल उसवा. फॉल आणि साडी सारखी आटत नाहीत, धुतल्यावर कडेला लाटा येतात. जरीचा काठ असेल तर कापून काढा, सुई अडते. तेवढा पन्हा घटतो, तो हिशोबात धरा. मग गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. खळ राहिली तर साडी वाकळ झाल्यावर आटेल. गडद रंगाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर ती साडी वर-खाली नको.

सिंथेटिक आतसुद्धा नको. ती सुती थरांत सरकते, टाके तिरपे जातात. सूत आटतं, ती आटत नाही, आणि आत गोळा होतो.

सुईदोरा:
ताई, कुठं बसायलाव ते आधी ठरवा. थर अंथरायचं काम तेवढं जमिनीवरच होतं, ते गुडघे चांगले असणाऱ्या तिघींनी करावं. प्रत्येक थर हातानं मधून कडेकडं सारून सपाट करायचा, चार कोपऱ्यांवर पाट ठेवायचे. मग कच्चे टाके, तेही मधून बाहेर, वीतवीत अंतरावर. हे टाळून चौघी चार कडांनी शिवायला लागल्या की मधोमध फुगा येतो आणि तो काही केल्या जात नाही, उसवावंच लागतं.

पुढचं काम दिवाणावर किंवा जेवणाच्या टेबलावर होतं. शिवायचा भाग समोर, बाकीची गुंडाळून मांडीवर. कच्चे टाके शेवटपर्यंत काढू नका.

दाभण नको, जुन्या कापडाला भोकं पडतात. सुई लांब, नेढं मोठं. दोरा सुती, दुहेरी, आणि हातभरच. लांब घेतला की गुंता. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एक इंच. या मापाच्या वाकळेला दोरा सुमारे 400 मीटर जातो, 450 आणा. एकच रंग, एकाच वेळी. नंतर आणलेल्याची छटा जुळत नाही. गाठ आतल्या थरात ओढून घ्यायची.

पाच जणींचा हात पाच तऱ्हेचा असणारच. एखादी दोरा ताणते, तिच्या ओळीला चुण्या पडतात. सगळं उसवू नका, तीच ओळ कापून पुन्हा घाला. आणि कुणाची ओळ ते मोठ्यानं बोलू नका.

औसारोड:
शेवटचं सगळ्यात उपयोगाचं! पण किती दिवस लागतील?

सुईदोरा:
एका ओळीला 20-25 मिनिटं, ओळी 72 च्या आसपास. आठवड्यात तीन दुपारी, दोन-दोन तास, चौघी धरल्या तर गप्पांसकट दोन-तीन आठवडे.

खडकपुरा:
पहिली कुणाची, ते चिठ्ठी टाकून. भिशीसारखंच, फक्त पैसे नाहीत. जिची वाकळ तिच्या साड्या, तिचा दोरा, तिच्याच घरी बैठक. म्हणजे वाकळ घरोघर उचलून न्यायला नको. खायला चहा आणि फार तर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, हे पहिल्या दिवशीच ठरवा. एकीनं गुलाबजाम केले की दुसरीला बासुंदी करावी लागते, आणि तिसरीच्या घरी बैठकच होत नाही. खाणं शिवून झाल्यावर. तेलकट बोटाचा डाग सुती कापडावरून सहज जात नाही.

वेळ दुपारी अडीच ते साडेचार. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते दहा, पत्र्याखाली तर दुपार नकोच.

दोन वाकळांच्या मधे एक दिवस सुई बाजूला ठेवा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, 75 पूर्ण असतील तर तिकीटच नाही. औसा किल्ला किंवा खरोसा लेणी, सकाळी निघून परत येता येतं.

वाकळेला खोळ शिवाच. सहा थरांची भिजलेली वाकळ दोघींनाही पिळवत नाही, आणि टँकरच्या दिवसांत तेवढं पाणी कुठून आणणार? खोळ तेवढी धुवायची, वाकळेला ऊन द्यायचं.

जुनेरं:
एक राहिलं. बसताना सुया मोजून वाटा, उठताना मोजून घ्या. एक जरी कमी भरली तरी वाकळ घडी करू नका. आधी लोहचुंबक फिरवा, मग तळव्यानं दाबत ओळ न ओळ तपासा.